काटा बिघडला नव्हता

ताई, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला सांडोरच्या तुमच्या घरी जेवायला बसले होते, तेव्हा तुमची भाची सुजाता माझ्या पानात दुसऱ्यांदा खीर वाढत म्हणाली, "मावशी, आत्यावर तुम्हीच लिहायचं. तुमच्याइतकं तिला कुणी ओळखत नव्हतं." मी मान हलवली. मान हलवणं मला आयुष्यभर फार सोपं गेलं आहे.

शोकसभा येत्या रविवारी आहे. त्या दिवशी आपली संस्था तुमच्या पद्धतीची पुस्तिका काढणार आहे. मुलांची वजनं घ्या, नावांचा तक्ता करा, तो गावाच्या भिंतीवर लावा. पुढे ती जिल्ह्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांना वाटायची, असं ठाण्याच्या जिल्हा कचेरीतून तोंडी कळलंय. तक्त्याला तुमचं नाव देणार आहेत. प्रस्तावनेची दोन पानं माझ्याकडे आली आहेत. तुमची शिस्त, तुमची माया, तुमचं ते बोलणं, असं काही लिहा म्हणाले. मी लिहिलीही. एकही ओळ खोटी नव्हती. वाचून बघितली आणि फाडून टाकली, कारण जे लिहायचं होतं ते त्यात नव्हतं.

ते आता इथे लिहिते. तुम्ही ऐकताय असं समजून लिहिते, नाहीतर माझा हात पुढे सरकणार नाही.

तुमची-माझी पहिली भेट आठवते? मी नोकरी मागायला आले होते. तुम्ही चष्म्याच्या वरून बघत विचारलंत, "कुठली?" मी म्हणाले, "मूळची राजापूरकडची, आता एव्हरशाईनला राहते." "म्हणजे टँकरवाली!" आमच्या वसाहतीला तेव्हा टँकरने पाणी यायचं, आणि ते टँकर तुमच्या गावांतल्या विहिरी उपसून भरले जायचे. "आमचंच पाणी प्यायचं आणि आमच्याच पोरांची वजनं घ्यायची. ये, ये. उद्यापासून ये." माझा बायोडेटा तुम्ही उघडलासुद्धा नाहीत. पुढे बरीच वर्षं, वाद रंगात आला की तुम्ही मला टँकरवाली म्हणत होतात आणि मी तुम्हाला, तुमच्या केळीच्या वाडीवरून, केळीवाली. या सोळा दिवसांत मला टँकरवाली म्हणणारं कुणी उरलेलं नाही, हे रोज एकदा तरी ध्यानात येतं.

काम तुम्ही शिकवलंत. बाईच्या घरी गेलं की खुर्चीवर बसायचं नाही, ती बसेल तिथे बसायचं. तिने दिलेला चहा सोडायचा नाही, दूध नासकं असलं तरी. तिने सांगितलेलं तिच्याच समोर तिला वाचून दाखवायचं. पेन्सिलीने काही लिहायचं नाही, कारण पेन्सिलीचं उत्तर ऑफिसात बसून बदलता येतं. मुलांची वजनं, मुलींची शाळा कितवीत सुटते, बाईला दिवसातून किती वेळ टेकायला मिळतं, हे सगळं आपण घरोघर जाऊन विचारायचो आणि तुम्ही ते बांधून ठाण्याला घेऊन जायचात, सरकारी टेबलावर ठेवायला. "सरकारला रडणं ऐकू येत नाही गं," तुम्ही म्हणायचात, "त्याला आकडा ऐकू येतो. आपण रडण्याचा आकडा करून द्यायचा."

मी त्या वाक्यावर जीव टाकला होता. अजूनही ते मला पूर्ण खोटं वाटत नाही.

पाचूबंदरचं काम तुमच्या फार जवळचं होतं. तिथल्या बायका पहाटे मासळी घेऊन बाजाराला निघायच्या त्या दुपार कलल्यावर परत यायच्या. पुरुष बोटीवर. तोवर तान्ही आणि रांगती पोरं म्हाताऱ्यांच्या ओटीत, कोरा चहा आणि पाव यांच्यावर. तुम्हाला तिथे सरकारी पाळणाघर हवं होतं. बाजाराच्या वेळेत उघडं राहणारं, पोरांना एकदा गरम अन्न घालणारं. ठाण्याचे साहेब म्हणाले होते, पोरं खरंच खंगलेली आहेत हे दाखवा, मग बघू. म्हणून आपण तीन-तीन महिन्यांनी तीन फेऱ्या करायच्या ठरवल्या. जाळी विणायच्या शेडमध्ये बांबूला काटा टांगायचा. मी पोराला कापडी चड्डीत घालून आकड्याला अडकवायचं आणि वजन मोठ्याने सांगायचं. तुम्ही चटईवर बसून वहीत लिहायचं. दोन कामं एकाने केली की चूक होते, हा तुमचा नियम. एकाने बघायचं, एकाने लिहायचं.

बघायचं काम माझं होतं, ताई.

पहिल्या फेरीत पोरं खंगलेली निघाली, तुम्हाला वाटलं होतं त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी तुम्ही बांगडीवाल्याकडून टिकल्यांची पाकिटं घेऊन आलात. हिरवी, पिवळी, लाल. मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात एकेका पोराचं नाव लिहिलंत आणि पुढे टिकली चिकटवलीत. वजन बरं तर हिरवी, जेमतेम तर पिवळी, धोक्याचं तर लाल. आणि तो तक्ता शेडच्या भिंतीवर ठोकायला निघालात.

मी म्हणाले, "ताई, नावं नकोत. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मूठ फार दिवस झाकली की आत घामाचा वास येतो," तुम्ही म्हणालात. "माहिती कुणाची? गावाची. आजवर जो आला त्याने इथून माहिती नेली. या बायकांना परत कुणी काही सांगितलं? वजनं घ्यायची, वहीत कोंबायची आणि ठाण्याला पळवायची, ही चोरी झाली. मी चोर नाही."

तुमचं म्हणणं बरोबरच होतं. पण दोन दिवसांनी मी नळावर उभी होते, आणि तिथे हिरा नावाच्या एका कोळणीला दुसरी विचारत होती, "काय गो, तुज्या पोराला लाल टिकली लागली? खायाला घालत नाय काय त्याला?" बाकीच्या हसल्या. हिराने भरलेला हंडा तिथेच ओतला आणि रिकामा घेऊन घरी गेली. हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "चार दिवस हसतील. मग हिरा पोराकडे जास्त बघेल." यावर आपण भांडलो. शेवटी तुम्ही मला केळं सोलून दिलंत आणि वाद तिथेच राहिला. तो संपलाच नाही, नुसता बाजूला पडला.

दुसऱ्या फेरीत लाल टिकल्या निम्म्यावर आल्या. तुमचा आनंद मी विसरणार नाही. वाडीतल्या वेलची केळ्यांचा अख्खा घड तुम्ही शेडमध्ये आणून ठेवलात, येईल त्याने खावं म्हणून. "बघितलंस टँकरवाली? नुसतं दाखवलं तर आया हलल्या. एका पैशाचा खर्च नाही!" मीसुद्धा दोन केळी खाल्ली. वाटलं, आपलंच चुकलं असेल.

तिसरी फेरी शिमगा तोंडावर आला होता तेव्हाची. शेडमध्ये बायकांची गर्दी, पोरांचा रडून गोंधळ. मार्था कडेवर पोर घेऊन पुढे आली. मार्था म्हणजे धक्क्याजवळच्या त्या निळ्या दाराच्या घरातली, नवरा मोठ्या बोटीवर, सासू डोळ्यांनी अधू. पहिल्या फेरीच्या वेळी ती माहेरी होती, म्हणून तिच्या पोरीचं नाव आपल्या वहीत दुसऱ्या फेरीपासून होतं. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "नाव?"

"रोझी."

मी पोरीचे पाय चड्डीत घातले. डाव्या पोटरीवर चिंचोक्याएवढा भाजल्याचा डाग होता. तो डाग मी अर्ध्या तासापूर्वी बघितला होता. तेव्हा त्या पोरीचं नाव प्रिन्सी होतं, मार्थाच्या जावेची मुलगी. आणि हाताला आठवलं की मधेही एकदा बघितला होता, तिसऱ्याच नावाने. झबलं बदललेलं, डोक्यावर टोपरं, पण पाय तोच.

मी मार्थाकडे बघितलं. मी ओळखलंय हे तिला कळलं. तिने मान अगदी थोडी हलवली. नको. तिच्या मागच्या बायका एकदम गप्प झाल्या होत्या. त्या सगळ्यांना माहीत होतं. त्या शेडमध्ये ज्याला माहीत नव्हतं असं एकच माणूस होतं, आणि ते वहीवर वाकून पेन धरून थांबलं होतं.

मी वजन वाचलं. तुम्ही लिहिलंत. वर हसून म्हणालात, "शाब्बास मार्था! पोरगी चांगलं बाळसं धरतेय." मार्था पोरीला उचलून जवळजवळ पळाली.

मी गप्प का बसले, याची कारणं मी इतकी वर्षं घासूनपुसून ठेवली आहेत. तिला चारचौघांत उघडं पाडायचं नव्हतं, हे पहिलं. हे खरंही आहे. दुसरं, तुमच्यावर राग होता. मी सांगितलं होतं, नावं नकोत. आता भोगा, असं कुठेतरी मनात आलं. हेही खरं आहे आणि हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तिसरं, उकडत होतं, अजून निम्मी पोरं राहिली होती, आणि एका-दोघांनी काय फरक पडतो, असं वाटलं. या तिसऱ्या कारणाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग तुम्ही अहवाल लिहिलात. ठाण्याच्या साहेबांनी तो नीट वाचला. मी शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही कमाल केलीत. नुसता तक्ता लावला तर मुलं सुधारतात, हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग पाळणाघराचा खर्च कशाला?" तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अर्धा पडलेला, अर्धा फुललेला. पाळणाघराची फाईल त्या दिवशी बंद झाली आणि तक्ता बाकीच्या गावांत लावायचं ठरलं. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "असू दे. पाळणाघर पुढच्या वर्षी ओढून आणू." जिन्यात उभं राहून तुम्हाला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. तोंडात शब्द होते. गिळले.

रोझी त्याच पावसाळ्यात गेली. बोटी वर ओढलेल्या, घरात चूल जेमतेम पेटणारी. दोन दिवस जुलाब झाले, तिसऱ्या दिवशी संपली. आपण दोघी गेलो. पुढच्या खोलीत टेबलावर तिला पांढऱ्या फ्रॉकमध्ये ठेवलं होतं, उशाला मेणबत्त्या. फादर अजून यायचे होते. बायका रोझरीची प्रार्थना म्हणत होत्या. तुम्ही जवळ गेलात, तिच्या केसांवरून हात फिरवलात, आणि मग तुमचा हात सवयीने तिच्या दंडावर गेला. अंगठा आणि मधलं बोट दंडाभोवती फिरलं आणि एकमेकांना भिडून पुढे गेलं. आपण पोरांचे दंड असेच चाचपायचो ना, टेप नसली की. तुम्ही हात काढला नाहीत, कितीतरी वेळ. मी तुमच्याकडे बघत होते. मार्था माझ्याकडे बघत होती.

परतताना रिक्षा वाटेतल्या तळ्याशी आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "काटा."

मी विचारलं, "काय?"

"काटा बिघडला होता. ती पोरगी त्या वजनाची असूच शकत नाही. मी तपासायला हवा होता. मी कसा तपासला नाही?" आणि तुम्ही रडायला लागलात, रिक्षावाल्यासमोर, हमसून हमसून. मी तुमच्या पाठीवर हात ठेवला. ताई, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते. तुम्ही रडत होतात आणि मी सुटले होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही भावाच्या भाजीच्या गाड्यावरचं किलोचं वजन आणून काट्याला टांगलंत. काट्याने बरोबर एक किलो दाखवलं. तुम्ही ते तीनदा करून बघितलंत आणि म्हणालात, "लोखंड हलत नाही. पोर हातपाय झाडतं. स्प्रिंग तिथे फसली असणार." चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. मग तुम्ही ठाण्याला पत्र लिहिलंत, की आमच्या काट्यात दोष होता, आमचे आकडे धरू नयेत. संस्थेतले सगळे म्हणाले, ताई, हात दाखवून अवलक्षण कशाला? तुम्ही ऐकलं नाहीत. तिथून उत्तर आलं की यापुढे नवीन काटा वापरावा, तक्त्याचं काम चालू ठेवावं. आणि तुम्ही चालू ठेवलंत. चांगला काटा, रोज सकाळी तपासलेला, आणि तोच तक्ता. गावोगाव.

खरं कारण कळलं असतं तर तुम्ही पहिल्यांदा तो तक्ता फाडला असतात. मी तुम्हाला ओळखते. तुम्हाला स्वतःची चूक सापडली की तुम्ही तिला दोन दिवसही जगू देत नव्हतात.

प्रत्येक गावात दुसऱ्या फेरीला लाल टिकल्या कमी व्हायच्या. तुम्ही खूश व्हायचात, पण पूर्वीसारख्या नाही. आणि मी? मी तुमच्याकडून वही मागून घेतली. म्हणाले, पोरं उचलून कंबर दुखते, मी लिहिते, काट्यावर दुसऱ्या कुणाला तरी ठेवा. तुम्ही लगेच दिलीत, वर शेकायला पिशवीही आणून दिलीत. माझी कंबर ठणठणीत होती. मला पोरांचे पाय बघायचे नव्हते. त्यानंतर सगळी वर्षं मी मान खाली घालून लिहिलं. कुठल्या गावात कुणाचं पोर कुणाच्या नावाने काट्यावर चढलं, आणि त्यातलं कुठलं पुढे राहिलं नाही, हे मला माहीत नाही. माहीत होऊ नये अशी सोय मीच केली होती.

आणि तरी या वर्षांतच तुम्ही माझ्यासाठी किती केलंत. माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी नोकरी सोडायचा धोशा लावला. तुम्ही चार जिने चढून आमच्या घरी आलात, माझ्या नोकरीविषयी चकार शब्द काढला नाहीत, सासूबाईंच्या शेजारी बसून केळफूल सोलायला लागलात. भाजी चुलीवर चढेपर्यंत सासूबाई म्हणत होत्या, "जाऊ दे तिला, पोरीला मी बघते." तुमच्यामुळे माझी मुलगी आजीच्या हातचं गरम जेवून वाढली आणि मी दुसऱ्यांच्या पोरींची वजनं लिहीत राहिले. तुमचे उपकार मोजायला बसले की माझं गप्प बसणं आणखी काळं दिसायला लागतं. यातून कसं सुटायचं ते मला कळत नाही.

एकदा तुम्ही विचारलं होतंत. तुमच्या मागच्या अंगणात, विहिरीच्या कट्ट्यावर. दुपार होती, तुम्ही पानं निवडत होतात. हातातलं काम न थांबवता म्हणालात, "काटा खरंच बिघडला होता ना गं?"

मी म्हणाले, "हो, ताई."

तुम्ही "हं" म्हणालात आणि पुढची जुडी घेतलीत. तोवर मी फक्त गप्प होते. त्या दुपारी मी खोटं बोलले.

कधी कधी मला तुमचाही राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आकड्यामागचं कसं विचारायचं ते तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत. पोर किती भरलं, हे तुम्ही सगळ्या बायकांना विचारलंत. मार्थाला तुम्ही दर नाताळात भेटायला जायचात, तिच्या हातच्या करंज्यांसारख्या नेवऱ्या खायचात, आणि एकदाही विचारलं नाहीत, की बाई, झालं काय होतं? विचारलं असतं तर ती बोलली असती. की तुम्हाला उत्तराची भीती वाटत होती? मला विचारलंत, कारण मी हवं तेच उत्तर देणार हे तुम्हाला ठाऊक होतं? हे भांडण मला तुमच्याशी करायचं होतं. आता एकटीनेच करते आहे, आणि त्यात मी जिंकले काय, हरले काय.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुम्हाला पुस्तिकेचं प्रूफ वाचून दाखवत होते. मधेच तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "पाळणाघर नाही झालं माझ्या हातून. निदान तक्ता तरी राहील." मी तुमचे पाय चेपत होते. खोलीत आपण दोघीच होतो. इतका चांगला वेळ मला पुन्हा मिळणार नव्हता. मी पुढचं पान वाचायला घेतलं.

परवा मी सुजाताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आत्या होती तेव्हा का नाही बोललात?" मी काय सांगणार? म्हणाली, "आता तिच्या नावाला डाग लागेल." मी म्हटलं, डाग माझ्या नावाला लागू दे, मी तसंच लिहिते आहे. ती उठून आत गेली. संस्थेतले म्हणतात, प्रस्तावना सोडून सगळी पुस्तिका छापून आली, आता काय करायचं? मी त्यांना सांगितलंय, एकतर प्रस्तावना म्हणून हे छापा, नाहीतर पुस्तिका वाटू नका. काल ठाण्यालाही रजिस्टर पत्र टाकलं. काटा बिघडला नव्हता, असं पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.

पण पत्र टाकायच्या आधी मी पाचूबंदरला गेले. ज्या बाईचं नाव मी कागदावर घालणार होते, तिला एकदा विचारायला हवं होतं.

मार्था बोंबील वाळत घालत होती. तिने मला लगेच ओळखलं. "ताय गेली ना? मी आलती मातीला, लांब उबी व्हती." मग मी का आले ते सांगितलं. ती ऐकत होती आणि वलांडीच्या बांबूवरचे बोंबील परतत होती. मी डागाचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"मला ठाव हाय तू बगितलं व्हतं," ती म्हणाली. "सासू बोलली व्हती, आपल्या घरान लाल टिकली नको. मंग मी दोनी येळंला जावेची पोर आनली. आमी तिगींनी आनली तीच." मग तिने विचारलं, "तू तवा का नाय बोलली गो?"

"तुला सगळ्यांसमोर लाज वाटली असती म्हणून."

"लाज," ती म्हणाली. "लाज काय, चार दिस वाटली असती."

ती पुन्हा बोंबील परतायला लागली. धक्क्यावर लिलाव चालला होता, त्याचा आवाज येत होता. मी उठले, म्हणाले, तुझं नाव नाही घालत, दुसरं काहीतरी घालते.

"नाव लिव," ती म्हणाली. "माजं लिव, रोझीचं पन लिव. भिंतीवर लावलं तवा कुनी इचारलं नव्हतं, तू इचारलं तरी." आणि मग, "तिचं वजन किती व्हतं ते पन लिव."

मी म्हणाले, "मार्था, ते मला माहीत नाही. आमच्या वहीत तिच्या नावापुढे जे आहे ते प्रिन्सीचं आहे. रोझीला आम्ही कधी काट्यावर घेतलंच नाही."

तिला हे इतक्या वर्षांत बहुतेक सुचलंच नव्हतं. मग तिने जमिनीवरची टोपली ओढली. टोपली सुक्या बोंबलांनी भरलेली होती. तिने ती दोन्ही हातांवर उचलून बघितली, खाली ठेवली, ओंजळभर बोंबील काढून बाजूला टाकले. पुन्हा उचलली. डोळे मिटून थोडी वरखाली केली. मान हलवली, आणखी काढले. असं तिने चार-पाच वेळा केलं. मग टोपली माझ्या हातांत दिली आणि म्हणाली, "येवढी व्हती."

मी ती धरून उभी होते, ताई. टोपलीत फारसं काही उरलं नव्हतं.